सत्कारापुरती वीज

यंदाही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी वीज गेली. पंख्याने आणखी दोन-चार फेरे मारले आणि तो थांबला. मग जुळे सोलापुरातल्या या कॉलनीचे खरे आवाज ऐकू आले. खालच्या घरात कुणीतरी चटणीसाठी शेंगा कुटत होतं. गच्चीवरच्या टाकीत पाणी ठिबकत होतं. जिन्यात कुणीतरी कुणाला तरी विचारत होतं, "कधी येणार, काही कळलं का?" हे सगळं मिनिटभर टिकलं. मग एकेका फ्लॅटमधले इन्व्हर्टर घुरघुरू लागले आणि शहर पुन्हा नेहमीसारखं झालं.

वीज अशी अवचित जाते तेव्हा तिचा राग येतो. ती ठरलेल्या वेळेला जायची तेव्हा रागाची जात वेगळी होती. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं, मोठा दुष्काळ मागे पडला होता, पण धरणांत पाणी जेमतेमच होतं. वीजकपात पेठांनुसार वाटून दिलेली होती. आमच्या भागाची वीज संध्याकाळी सातला जायची. भवानी पेठेत सातला काही क्षण राहिले की लोकांचे हात आपोआप कंदिलाकडे जात. सातला सगळे पॉवरलूम एकदम थांबत. दिवसभर ज्यांच्या कानांवर मागांचा खडखडाट आदळत असे ती माणसं ओट्यावर येऊन बसत आणि सवयीने ओरडूनच बोलत. समोरासमोर बसलेली दोन माणसं भांडताहेत असं वाटे; ती एकमेकांना जेवण झालं का एवढंच विचारत असत.

त्या उन्हाळ्याचा वास सुताला लावायच्या खळीचा होता. खळीची पातेली गल्लीत निवायला ठेवलेली असत. कडुलिंबाचा मोहोर त्यांत पडे आणि बायका तो बोटाने काढून टाकत. डांबर पायाखाली मऊ झालेलं. मोरीत पाणी साठवलेलं, त्यावर ओलं फडकं. आणि या सगळ्यात आम्ही तिघांनी ठरवलं होतं की सोलापुरात ध्वनी आणि चित्रांचा एक महोत्सव भरवायचा. यंत्रांतून काढलेलं संगीत, प्रकाशातून काढलेली चित्रं. तीन संध्याकाळींचा. असं काही या शहरात झालं नव्हतं. ते का झालं नव्हतं, हे आम्हाला लवकरच समजणार होतं.

तिघांमध्ये व्यंकटेश मुख्य. तो मागवाल्यांच्या घरातला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. आयटीआय करून रेडिओ दुरुस्त करायचा. रेडिओवरची गाणी त्याला आवडत नसत. काटा फिरवताना दोन स्टेशनांच्या मधे जी खरखर लागते तिथे तो थांबायचा. "इथं बघा, इथं काही नाही आणि तरी किती भरलेलं आहे," असं म्हणायचा. गिऱ्हाइकं वैतागायची. दुसऱ्या कलावती बिराजदार, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. घर अक्कलकोटच्या बाजूचं, रागावल्या की कानडीत जायच्या. आणि तिसरा मी, इथल्याच एका दैनिकात उपसंपादक. मला चित्र येत नव्हतं आणि संगीतही नाही. पत्रकं लिहिणं, परवानग्या मिळवणं, माणसं गोळा करणं ही कामं माझ्याकडे होती.

व्यंकटेशच्या घरामागे पत्र्याची एक खोली होती. तिथे त्याचं सगळं सामान. कॉलेजातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून उन्हाळ्यापुरता आणलेला स्पूल टेपरेकॉर्डर, जुन्या रेडिओंचे सांगाडे जोडून केलेली दोन यंत्रं, त्यांतून घूं असा एकसुरी आवाज निघे आणि बटण फिरवलं की तो चढे किंवा उतरे. टेपचा तुकडा दोन्ही टोकांना चिकटवून त्याने मोठं कडं केलं होतं. ते यंत्रातून निघून टेबलभर फिरून पुन्हा यंत्रात शिरे. ते फिरताना अडकू नये म्हणून टेबलावर जागोजागी सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या उभ्या ठोकल्या होत्या. कड्यावर वडिलांच्या मागाचा आवाज होता. एकच ठोका, मग धागा नेणाऱ्या धोट्याची इकडून तिकडे धाव, मग ठोका. तो हळू केलेला, उलटा केलेला, स्वतःवरच चढवलेला. त्याच्याखालून घूं. आणि मधेच गिरणीचा भोंगा, इतका सावकाश की तो एखाद्या मोठ्या जनावराचा श्वास वाटे.

कलावतीबाईंनी जकार्डचे बाद पत्ते जमवले होते. चादरीवरची नक्षी ठरवणारे हे भोकं पाडलेले पुठ्ठे; जुनी नक्षी चालेनाशी झाली की कारखानदार ते बंबात घालत. बाई ते ओळीने शिवून प्रोजेक्टरच्या भिंगासमोरून ओढत. समोरच्या पांढऱ्या चादरीवर प्रकाशाचे ठिपके धावत, जुळत, फुटत. कधी त्यांत मोर असल्याचा भास होई आणि तो ओळखेपर्यंत मोर गेलेला असे. त्या खोलीत पहिल्यांदा दोन्ही एकत्र सुरू झालं तेव्हा पत्रा इतका तापलेला होता की बाईंच्या कपाळावरून घाम पुठ्ठ्यांवर ठिबकत होता. कुणी हललं नाही. संपल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "व्यंकटेश, शेवट लांबतोय तुझा."

"बाई, तो लांबायलाच पाहिजे."

"मग माझे पुठ्ठे संपतात, त्याचं काय? भिंत दाखवू का लोकांना?"

ही खोलीच अडचणीत होती. व्यंकटेशचे वडील राजय्या यांनी दोन नवे पॉवरलूम घ्यायचं ठरवलं होतं. घरात होते त्या दोन मागांवर व्यंकटेशचे दोन भाऊ, एक काका आणि ते स्वतः आळीपाळीने राबत. नवे माग ठेवायला घरात एकच जागा होती. राजय्या वाईट माणूस नव्हते. दोन वर्षं त्यांनी मुलाच्या यंत्रांना हात लावला नव्हता, फक्त येता-जाता विचारत.

"हे काय हाय रे नेमकं?"

"संगीत आहे, नायना." वडिलांना तो तेलुगूत नायनाच म्हणे.

"आवाज तर माग पन करतंय की. ते चादर तरी देतंय."

शेवटी त्यांनी सांगितलं होतं, एकदा लोकांपुढे करून दाखव. चार लोक बसून ऐकतात असं मला दिसू दे. मग माग दुसरीकडे भाड्याच्या जागेत टाकू. दिसलं नाही तर खोली रिकामी करायची. व्यंकटेशला ही अट न्याय्य वाटली. आम्हालाही वाटली. महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी ते येणार होते, कारण पुढचे दोन दिवस त्यांची पाळी होती.

सभागृह एका सार्वजनिक संस्थेचं होतं. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे आप्पासाहेब म्हणत. मी पत्र घेऊन गेलो तेव्हा ते झोपाळ्यावर बसून पंख्याने वारा घेत होते. त्यांनी पत्र वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"हॉल देतो. भाडं नको. तरुण पोरं काही करताहेत, चांगलं आहे. पण उद्घाटक कोण?"

"उद्घाटन ठेवलं नाही, आप्पासाहेब. वीज सातला जाते. पाचला लगेच सुरू करायचं आहे."

"उद्घाटन नाही?" त्यांनी पंखा थांबवला. "मग लोकांना कळणार कसं, की सुरू झालं?"

  संस्थेचा रिवाज होता की सभागृहातला कोणताही कार्यक्रम दीपप्रज्वलनाने सुरू व्हायचा; मग स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय भाषण आणि आभार. त्यात मोडता घातला तर हॉल मिळणार नव्हता, आणि दुसरा हॉल कोण देणार? कलावतीबाई म्हणाल्या, वीस मिनिटांत आटपू. व्यंकटेश म्हणाला, त्याला सलग पाऊण तास हवा, तेवढा मिळाला तरी पुष्कळ. मी हिशेब करून दोघांना सांगितलं की काळजी नको. वृत्तपत्रात काम करणाऱ्या माणसाला सोलापुरातला सत्कार किती चालतो हे ठाऊक नसेल, असं कुणालाच वाटलं नाही.

आज हे लिहिताना जाणवतं की त्या रिवाजात कुणाचा द्वेष नव्हता. ज्या गोष्टीची कुणाला कल्पना नाही ती ओळखीची करून घ्यायची आमच्याकडे हीच रीत आहे. हार घातला की वस्तू आपली होते. बँकेची शाखा असो, पिठाची गिरणी असो, कुणाचा पीएच.डी.चा प्रबंध असो, त्याच्यासमोर नारळ ठेवून चार माणसं बोलली की तो गावात आला. अलीकडे इथल्याच एका मैदानावर संगणकातून संगीत काढणाऱ्या मुलांचा कार्यक्रम झाला. प्रचंड पडदा, रंगांचे झोत, छातीत घुमणारे आवाज. त्यालाही एक प्रमुख पाहुणे होते आणि त्यांनाही शाल दिली गेली. फरक इतकाच की आता वीज आणायला जनरेटर असतो, त्यामुळे पाहुणे हवं तेवढं बोलले तरी मुलांचं काही बिघडत नाही. आमच्याकडे जनरेटर नव्हता.

त्या संध्याकाळी सभागृहात कल्पनेपेक्षा जास्त लोक आले. चित्रकलेचे विद्यार्थी, दोन-तीन प्राध्यापक, शाळेतल्या शिक्षिका, संस्थेचे सभासद आणि व्यंकटेशची निम्मी गल्ली. राजय्या स्वच्छ धोतर, पांढरा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले होते, हात मांडीवर. बाजूला व्यंकटेशची आई. रंगमंचाच्या एका कडेला टेबल, त्यावर कांड्यांची ती वेडीवाकडी रांग आणि तिच्यातून ओवलेलं टेपचं कडं. मागे पांढरी चादर ताणलेली. व्यंकटेश टेबलामागे उभा होता आणि उद्घाटन आटपलं की सुरू करणार होता.

उद्घाटक उशिरा आले. समई पेटवताना काडी विझत होती, कारण व्यासपीठावरचा पंखा चालू होता. पंखा बंद केला तर पाहुण्यांना उकडत होतं. स्वागतगीताच्या मुलींनी तीन कडवी तयार केली होती आणि त्या तीनही म्हणाल्या. प्रास्ताविक मीच केलं, थोडक्यात. मग परिचय. पाहुणे तीन असल्यामुळे परिचय तीन. मग सत्कार, आणि प्रत्येकाला चादर, नारळ, हार. फोटोग्राफरने तिसऱ्या हाराच्या वेळी रीळ बदललं, म्हणून हार पुन्हा घालावा लागला. उद्घाटकांनी विज्ञान आणि कला यांचा संबंध वेदकाळापासून सांगायला घेतला. कलावतीबाई प्रोजेक्टरपाशी बसून पुठ्ठ्यांची शिवण पुन्हा पुन्हा चाचपत होत्या. भाषण वेदांतून महाकाव्यांत आलं तेव्हा त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "अजून बरीच युगं आहेत हो."

मी चिठ्ठी लिहून व्यासपीठावर पाठवली. आप्पासाहेबांनी ती वाचली, मान हलवली आणि खिशात घातली. त्यांनी खरोखरच स्वतःचं भाषण आवरतं घेतलं. साडेसहा झाले होते. अजून अर्धा तास होता. अर्ध्या तासातही काही तरी झालं असतं. व्यंकटेशने टेपरेकॉर्डर चालू केला. यंत्र तापायला थोडा वेळ लागतो. त्यावरचा छोटा दिवा लागला. आणि आप्पासाहेब बसता बसता पुन्हा माइककडे वळले.

"एक राहिलं. ज्या तरुणाने हे सगळं केलं, त्याचे वडील इथे आहेत असं मला आत्ताच कळलं. साधे विणकर आहेत. त्यांचा सत्कार केल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. राजय्याजी, या वर."

टाळ्या पडल्या. गल्लीतली माणसं ओरडली. राजय्यांनी आधी मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कुणी दुसरे राजय्या आहेत का म्हणून. मग ते उठले. पायातल्या चपला खुर्चीखाली सारल्या आणि अनवाणी वर गेले. त्यांच्या खांद्यावर चादर आली, गळ्यात हार आला. फोटोग्राफरने त्यांना दोनदा हसायला लावलं. मग आप्पासाहेब म्हणाले, "दोन शब्द बोला."

"मला मराठी जमत नाही, साहेब."

"जमेल तेवढं बोला. आज तुमचा दिवस आहे."

व्यंकटेशचा हात बटणावर होता. तो काढायचा की ठेवायचा हे त्याला कळत नसावं. वडील बोलू लागले.

ते वाईट बोलले असते तर निदान चीड आली असती. ते फार चांगलं बोलले. आधी अडखळले, मग तेलुगू आणि मराठी एकमेकांत मिसळून रस्ता काढत निघाले. गाव सोडून सोलापूरला आले ते सांगितलं. पहिला माग कसा घेतला ते सांगितलं. लोक हसत होते, ऐकत होते. वेदांच्या वेळी पेंगणारी माणसं सरळ होऊन बसली होती. मग ते व्यंकटेशबद्दल बोलू लागले.

"हा ल्हान होता तवा मागाखाली झोळी बांधायचो आमी. माग चालू हाय, तोवर झोपणार. लई शांत. करंट गेला, माग बंद पडला, की उटून रडणार. सगळ्या गल्लीतली पोरं आवाज झाला की उटतात. हा आवाज थांबला की उटायचा. ह्याची अम्मा मला म्हनायची, तुमी हातानं तरी चालवा की माग. मी हातानं धोटा फेकत बसायचो. अंधारात. पोरगं झोपावं म्हनून."

हसण्याची लाट आली. व्यंकटेश हसला नाही. तो वडिलांकडे बघत होता. त्या टेपवर जे होतं त्याचा याहून अचूक परिचय कुणी दिला नसता, आणि परिचय संपेना. आता झोळीनंतर शाळा आली. शाळेनंतर पहिला रेडिओ. कलावतीबाई डोळे मिटून बसल्या होत्या. कुणीतरी राजय्यांना थांबवायला हवं होतं. ते काम माझं होतं. पण गळ्यात हार असलेल्या माणसाला, आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभ्या असलेल्या बापाला, त्याच्याच मुलाच्या कार्यक्रमात बस म्हणायला कोण उठणार?

सातला वीज गेली. माइक बंद पडला. टेपरेकॉर्डरवरचा छोटा दिवा विझला. राजय्या मात्र थांबले नाहीत. मागांच्या खडखडाटावर बोलायची सवय असलेल्या त्यांच्या आवाजाला माइकची गरज नव्हती. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, आप्पासाहेबांना नमस्कार केला आणि समईच्या उजेडात खाली उतरले. कार्यक्रम संपला असं लोकांना वाटलं आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. आभार झाले होते. लोक पंखे हलवत, बोलत बाहेर पडले. कुणी कुणी व्यंकटेशचा हात हातात घेऊन म्हणत होते, "छान झालं हो. वडील फार छान बोलले."

दुसऱ्या दिवशीच्या आमच्या अंकात बातमी होती: महोत्सवाचे उद्घाटन उत्साहात, नव्या संगीताला रसिकांची दाद. ती दुपारीच जुळवून झाली होती, कारण छापखान्याची वीजही त्याच वेळापत्रकाने जायची. दुसऱ्या संध्याकाळी पाचला, कुठलंही भाषण न होता, व्यंकटेशने सगळं वाजवलं. बाईंनी पुठ्ठे ओढले. समोर सात-आठ जण होते. त्यातला एक हॉलचा रखवालदार. बाकीच्यांनी बातमी वाचली होती. झालेल्या कार्यक्रमाला पुन्हा कोण येतं? सहाच्या सुमाराला व्होल्टेज पडलं, टेपची मोटर मंदावली आणि मागाचा ठोका बसक्या आवाजात खाली खाली जात राहिला. तिसरी संध्याकाळ आम्ही केलीच नाही.

आठवड्याने मी भवानी पेठेत गेलो तेव्हा खोलीसमोर कांड्यांचं टेबल उन्हात काढलेलं होतं. व्यंकटेश ओट्यावर बसून वडिलांशी बोलत होता. म्हणजे तो बोलत होता आणि ते धाग्याची गाठ मारत होते.

"नायना, तुम्ही ऐकलंच नाही. एक सूरसुद्धा नाही."

"लोक आले का नाही?"

"आले."

"बसले का नाही? टाळ्या वाजल्या का नाही? पेपरात आलं का नाही?" त्यांनी गाठ ओढून पाहिली. आवाजात राग नव्हता, उलट कौतुकच होतं. "लई मोठा कार्यक्रम केलास तू. सगळी गल्ली बोलतेय. मी म्हनलं होतं, लोकांपुढं करून दाखव. दाखवलंस. मला पन वर बोलवलं. आता काय राहिलं त्यात? आता पुढचं बघ. माग येताहेत."

व्यंकटेशने माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार होतो, पण पेपरातली ती बातमीही आमच्याच अंकातली होती. अट पूर्ण झाली नव्हती म्हणून खोली जात असती तर भांडता आलं असतं. इथे अट पूर्ण झाली होती आणि तरी खोली जात होती. जे भाड्याच्या जागेचं कबूल केलं होतं त्याची आठवण त्याने करून दिली; राजय्या म्हणाले, ते पोराला नाद सोडवत नसेल तर म्हणून होतं. आता झालं की सगळं, सन्मानाने.

मे संपता संपता माग आले. राजय्यांनी मुहूर्त काढला. खोली रंगवली, दाराला आंब्याची डहाळी बांधली, गल्लीत चार खुर्च्या मांडल्या आणि आप्पासाहेबांना बोलावलं. माइक आणि कर्णा आणायचं काम अर्थातच व्यंकटेशकडे आलं. सकाळचं ऊन होतं, कपातीची वेळ दूर होती. आप्पासाहेब आले, बसले. राजय्यांनी आता सवय झाल्यासारखा माइक हातात घेतला आणि म्हणाले, माझ्या मुलाने मोठा कार्यक्रम केला होता, तुमाला ठाऊकच हाय. बोलून झाल्यावर त्यांनी माइक मुलाकडे दिला आणि नारळ उचलला.

व्यंकटेश माइक घेऊन कर्ण्याच्या समोर गेला. एक तीक्ष्ण शिट्टी गल्लीभर घुमली. बायकांनी कान झाकले. माइक कर्ण्यापुढे आला की असं होतंच, तो लगेच बाजूला घ्यायचा असतो. त्याने बाजूला घेतला नाही. त्याने माइकवर तळवा धरला आणि शिट्टी खाली उतरली, जाड झाली. तळवा थोडा उघडला, ती वर चढली. एक पाऊल मागे सरकला तसे तिच्यात ठोके पडू लागले, ठोका, धाव, ठोका. पत्र्याची खोली आतून थरथरत होती. समोरच्या ओट्यावरची माणसं उभी राहिली.

"अहो, माइक बिघडला तुमचा," आप्पासाहेब ओरडले.

राजय्या नारळ हातात धरून मुलाकडे बघत उभे होते. बराच वेळ, म्हणजे त्या आवाजात बराच वाटावा इतका वेळ, त्यांनी ऐकलं.

"बिघडला नाही, साहेब," ते म्हणाले. "तो करतोय ते." आणि मग मुलाकडे वळून, "बंद कर."

व्यंकटेशने बंद केलं. नारळ फुटला, बटण दाबलं गेलं, नवे-जुने चारही माग एकदम सुरू झाले, आणि त्यानंतर कुणाचंच कुणाला काही ऐकू आलं नाही.